परबची मुकी वायर

परब ऑफिसात आला की खुर्चीत बसायच्या आधी माझ्या टेबलाखाली शिरायचा. गुडघ्यांवर बसून माझ्या कॉम्प्युटरच्या मागचं पोर्ट चाचपायचा, खिशातून बोटभर लांबीचा जुना एमपीथ्री प्लेअर काढून वायरीला जोडायचा आणि मग पँट झटकत जागेवर जायचा. मरोळच्या या लेबलं छापणाऱ्या कंपनीत आम्ही अकरा वर्षं शेजारी बसतो. त्यातली शेवटची तीन वर्षं मी रोज सकाळी आधी त्याची पाठ पाहिली, तोंड नंतर.

मतं ठाम होती त्याची. पुढचं पोर्ट म्हणे अशक्त. भिंतीतल्या सॉकेटचा करंट अंगावर येतो, बॅटरी फुगते. सज्जन असं एकच पोर्ट, माझं मागचं डावीकडचं. वायरींच्याही दोन जाती, बोलकी आणि मुकी. बोलकी लावली की कॉम्प्युटर लगेच प्लेअरची चौकशी सुरू करतो, आत काय आहे, किती आहे. मुकी नुसती वीज देते. "आपल्याला मुकीच पाहिजे रे," म्हणत तो दुकानं पालथी घालायचा.

एवढं करून त्याला गाणं ऐकताना कुणी पाहिलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "आहे ना, चालू आहे." डबा उघडला की आम्ही आधी त्याच्या प्लेअरला जेवायचं विचारायचो. तोही हसायचा.

गेल्या महिन्यात ताप भरला म्हणून परब दुपारीच घरी गेला आणि प्लेअर माझ्याकडे राहिला. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला, चार्जिंग बघ म्हणून. मुकी वायर टोकाशी तुटली होती, बॅटरी संपत आलेली. त्याच्या कपाटात दुसरी आहे, गाठ मारलेली, तीच लाव, असं त्याने दोनदा बजावलं. मला जेवायची घाई. माझ्या मोबाइलची वायर हाताशी होती, तीच लावली. पडद्यावर काहीतरी उघडलं, ते मी बंद केलं आणि काम झालं म्हणून त्याला कळवलं.

तिसऱ्या दिवशी तो आला, टेबलाखाली गेला आणि उठलाच नाही. मी वाकून पाहिलं, तर प्लेअर हातात धरून फरशीवर बसलेला. तिथेच त्याने सांगितलं.

प्लेअर मंदारचा, त्याच्या मुलाचा. तीन वर्षांपूर्वी तो गेला हे आम्हाला माहीत होतं, प्लेअरचं नव्हतं. बारावीचं वर्ष म्हणून परबने त्याचा मोबाइल काढून घेतला होता, बदल्यात हा प्लेअर दिला. आईने जेवायला हाक मारली तेव्हा त्याने गाणं मध्येच थांबवलं. जेवून क्लासला निघाला आणि हायवेवर अपघातात गेला. प्लेअर तेव्हापासून तिथेच थांबलेला, एक मिनिट बेचाळीस सेकंदांवर. बॅटरी संपली किंवा बोलकी वायर लागली, की ती थांबलेली जागा पुसली जाते. घरी चार्जिंगला लावला तर बायको उठून आत जाते, म्हणून ऑफिसात.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, आकडा पाठ आहे ना तुला, तेच गाणं लावू, तिथेच थांबवू.

"थांबवता येईल रे," परब म्हणाला. "पण मग ते मी थांबवलेलं होईल."

माझं तोंड पाहून त्यानेच माझ्या पाठीवर हात ठेवला आणि माझ्यासाठी चहा मागवला.