सगळ्यांना एकच पुस्तिका

पुंडलिकनगरातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सुदर्शन सरांनी सकाळीच ऋतुराजला फर्मान सोडलं. "आपल्या सगळ्या सॉफ्टवेअरच्या माहितीपुस्तिका आज गिऱ्हाइकांना गेल्या पाहिजेत. संध्याकाळपर्यंत सगळ्यांनी मान्य केल्या, की तू पर्मनंट." कच्च्या नोकरीवरचा ऋतुराज याच शब्दावर डोळे लावून बसला होता.

कोड वाचून आपोआप पुस्तिका लिहिणारं एक टूल त्याच्याकडं होतं. एकेक सॉफ्टवेअर घेत बसलं तर आठवडा जाणार, म्हणून गड्यानं टूल सगळ्यांवर एकदम सोडलं. काम संपलं की मेलही आपोआप जाईल असं लावून दिलं आणि निवांत चहाला गेला.

परत येऊन बघतो, तर तोंडचं पाणीच पळालं. प्रत्येक पुस्तिकेला वेगळा फोल्डर द्यायचा राहिला होता. जी नवी आली, ती आधीची पुसून तिच्याच जागी बसली. शेवटी टिकली ती पैठणच्या सुकेशनीताईंच्या शेळीपालनाची, आणि तीच सगळ्यांना रवाना झाली होती. अगदी दवाखान्यालासुद्धा.

त्यानं दवाखान्याच्या डॉक्टरांना फोन लावला.

"डॉक्टर, ती पुस्तिका जरा..."

"लई सविस्तर लिहिलंय. मान्य करून टाकली."

"वाचली तुम्ही?"

"म्हणजे काय."

मग वधूवर केंद्राचे इंद्रजीतराव. त्यांनी मात्र खरंच एक पान उघडलं होतं.

"वय, वजन, वंश, दात. दातांचं आम्हाला सुचलंच नव्हतं बघा. मान्य."

संध्याकाळपर्यंत एकूणएक मान्यता आल्या, फक्त सुकेशनीताईंची राहिली. त्यांचा फोन थेट सरांनाच आला. सरांनी स्पीकर लावला.

"सर, ही पुस्तिका आमची नाय."

"कशावरून, ताई?"

"यात लिवलंय, शेळी आजारी पडली की मोबाइलवर निरोप येतो. आमची एक मेली तरी निरोप नाय आला. हे दुसऱ्या कुणाचं तरी भारी सॉफ्टवेअर दिसतंय."

निरोपाचं काम कोडात होतं खरं. ते चालू करायचं कंपनीत कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

सरांनी फोन ठेवला. "सगळ्यांचं बरोबर गेलं, अन् एकट्या ताईंचंच चुकीचं कसं गेलं रे?"

ऋतुराजनं तोंड उघडलं. खरं सांगावं तर आलेल्या सगळ्या मान्यता बुडणार. त्यानं ते मिटलं.

"बघत काय बसला? दवाखान्याचं लई छान झालंय म्हणे. अगदी तसंच ताईंना करून दे. मग तुझ्या पर्मनंटचं बघू."