गजाभाऊंचा पाट

गजाभाऊ बेस गिटार वाजवतात ते अनवाणी. का, म्हणून विचारलं तर उलट मलाच विचारतात, "पाटावर चपला घालून कोण चढतं गं काकी?"

हा पाट म्हणजे जेवायला बसायचा साधा लाकडी पाट. त्यावर त्यांनी पाच पेडलं बसवलीत. पेडल म्हणजे साबणाच्या डबीएवढा लोखंडी डबा. गिटारचा आवाज वायरीने एकातून दुसऱ्यात जातो, पायाने बटण दाबलं की जाडा होतो, घुमतो, आणि शेवटी स्पीकरमधून निघतो. एवढं मला कळतं, कारण दहिवलीत आमच्या दोन घरांत भिंत एकच आहे.

एरवी ते कुंभिवलीच्या एका कंपनीत फोर्कलिफ्ट चालवतात आणि लग्नसराईत हळदीच्या ऑर्केस्ट्रात वाजवतात. कर्जत-खालापुरातल्या निम्म्या नवऱ्यांना त्यांच्याच ठेक्यावर हळद लागलीय.

आता त्या डब्यांना वायर उजवीकडून आत आणि डावीकडून बाहेर, अशी भोकं असतात. बनवणाऱ्यानेच तशी ठेवलीत. गजाभाऊंना ते मान्य नाही. "देवाला उलटी प्रदक्षिणा घालतेस का तू? मग आवाज उलटा कशाला फिरवू?" म्हणून त्यांनी डबे डावीकडून उजवीकडे जोडलेत. प्रत्येक वायर डब्याला वळसा घालून जाते, पाटावर शेवया सांडल्यासारखं दिसतं, आणि कुठली ना कुठली वायर सारखी सैल होते.

मग भिंतीपलीकडून हाक. "काकी, ये गं जराशी!"

माझं काम तार छेडत राहायचं. ते एकेक डबा मधून काढतात, मागची वायर पुढच्याला लावतात, कान देतात. "आवाज मरत नाय, काकी. वाटेत कुठं तरी बसतो." एकदा सगळा पाट उसवला आणि मग कळलं, स्पीकरच चालू केला नव्हता. "बघ," म्हणाले, "बसला होता ना?"

पण सांगायचंय ते शिल्पाच्या हळदीचं. शिल्पा त्यांची एकुलती एक लेक. तिची आई ती लहान असतानाच गेली. लग्न ठरलं तेव्हा पोरीचा एकच हट्ट होता, "माझ्या हळदीला माझा बाबाच वाजवणार."

मंडप भरला, बायकांनी शिल्पाला हळदीने माखलं, ऑर्केस्ट्रा सुरू झाला. आणि गजाभाऊंची गिटार मुकी. बोटं चालतायत, आवाज नाही.

"गजादादा, झोपलास का काय?" कीबोर्डवाला ओरडला.

मागून कोणी तरी म्हणालं, "रुसायचं नवरदेवानं, इथं नवरीचा बापच रुसला रं!"

मी आपली सवयीने पाटाशी जाऊन बसले. एकेक वायर दाबून पाहिली. सगळ्या घट्ट! मग पहिल्याच डब्यावर लाल दिवा दिसला. तो डबा सूर लावायचा. तो दाबला की आवाज पुढे जातच नाही, लोकांना ऐकू न देता तारा जुळवता येतात.

"अहो, हा दाबलेलाय! इथंच अडलंय."

गजाभाऊ वाकले. "मीच दाबलाय, काकी," हळूच म्हणाले. "ठेकाच धरवत नाय. उद्या पोर जायची, आन् आज तिच्या हळदीला बेताल कसा वाजवू?"

मी उठले आणि मंडपाला ठणकावून सांगितलं, "वायर गेलीय! थांबा जरा!"

मंडपाला पटलं. शिल्पाला कसं पटणार? माझ्या आधी तार छेडायचं काम तिचंच होतं. ती तशीच हळदीच्या अंगाने उठून आली, लोकांकडे पाठ केली आणि पायाच्या अंगठ्याने तो दिवा विझवला.

"वाजव, बाबा. चुकलास तर आमी तसंच नाचू."

गजाभाऊंनी वाजवलं, आणि चुकले. चांगलेच चुकले. ढोलकीवाल्याने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, आपला ठेका सोडला आणि गुपचूप त्यांच्या चुकीमागून चालू लागला.