लासेभाऊची मारामारी

आमच्या शेजारचा लासे तोंडानं 'हो' म्हणत नाही. तो श्वास आत ओढतो. ओठांचा चंबू करून 'सूप्' असा आवाज काढतो, की झालं त्याचं 'हो'. स्वीडनच्या अगदी वरच्या टोकाला, जिथे तो जन्मला, तिथे पुष्कळजण असंच 'हो' म्हणतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. पहिल्यांदा तो जेवायला आला तेव्हा सुनंदानं, म्हणजे माझ्या बायकोनं, अस्सल नागपुरी रस्सा केला होता.

"आणखी वाढू का?" तिनं विचारलं.

"सूप्."

"अगं बाई, तिखट लागलं त्यांना!" म्हणत तिनं वाटीच उचलून नेली आणि दही आणलं. "दही चालेल ना?"

"सूप्."

"दातांना गार लागतंय वाटतं," म्हणून दहीही परत गेलं. सव्वासहा फुटांचा तो गडी अर्धपोटी घरी गेला. दुसऱ्या दिवशी सुनंदा दम्यावरचा काढा घेऊन त्याच्या दारात. काढा आवडला का, असं तिनं विचारलं आणि त्यानं प्रामाणिक उत्तर दिलं, त्यामुळे तो आठवडाभर चालू राहिला.

दातांचं म्हणाल तर त्याला पुढचे दात नाहीतच. जेवायला बसला की कवळी काढून शर्टाच्या खिशात ठेवतो, आपण चष्मा ठेवतो तशी. आमची नात सई आठ वर्षांची आहे. तिला हा प्रकार जगातल्या सगळ्या खेळण्यांपेक्षा आवडतो. "लासेकाका, डू इट अगेन!" आणि तो पुन्हा काढून दाखवतो.

लासे बर्फावरची हॉकी खेळायचा. विशीत अमेरिकेत आला तो उत्तम स्केटिंग करणारा म्हणून. पण इथल्या प्रशिक्षकानं त्याच्या खेळाकडे बघण्याआधी खांद्यांकडे बघितलं आणि त्याला निराळंच काम दिलं. आपल्या संघातल्या लहानखुऱ्या, गुणी खेळाडूंना कोणी धक्काबुक्की केली, तर हातमोजे फेकून त्याला ठोकायचं. त्या खेळात असा एकेक माणूस ठेवत असत. वरच्या संघाला गरज पडली की विमानानं बोलावणं, गरज संपली की खालच्या संघात, तेही बसनं. लासेनं केलेले गोल बोटांवर मोजता येतील. त्याला पडलेले टाके मोजायला डॉक्टरच बसवावा लागेल. आता तो गावातल्या स्केटिंगच्या रिंकवर बर्फ गुळगुळीत करण्याची गाडी चालवतो आणि एकटा राहतो.

त्याचा एक नाद काळ्या टेपचा. हॉकीच्या काठीला गुंडाळतात ती टेप तो दिसेल त्याला गुंडाळतो. झाडू, फावडं, टपालपेटीचा दांडा. एकदा मी पोर्चमध्ये विसरलेली माझी चालायची काठी सकाळी मुठीला टेप लावून दाराशी उभी होती. "काका, आता हात सटकणार नाही," इतकंच म्हणाला. खरंच सटकत नाही.

आमच्या ॲन आर्बर गावच्या थंडीत तो मागच्या अंगणात प्लास्टिक अंथरतो, नळीनं पाणी सोडतो आणि आख्खं अंगण गोठवतो. शनिवारी आसपासची मुलं तिथे स्केटिंग शिकायला. त्यातली निम्मी आपली मराठी. पहिले दोन धडे फक्त पडण्याचे. "पडा! सुंदर! आता हळूहळू उठा!" यातलं 'हळूहळू' तो मराठीतच म्हणतो. सुनंदाकडून उचललंय.

इथपर्यंत सगळं मजेचं आहे. पुढचं सांगण्यासाठी मी लिहायला बसलो, आणि त्यालाही दोन हिवाळे घेतले. आमच्या मराठी मंडळींत अजून असं बोललं जातं, की लासेला मारामारीपायी संघातून हाकललं. हे साफ खोटं आहे. आणि ते माझ्यामुळे पसरलं.

दोन वर्षांपूर्वी जानेवारीत निखिलनं, माझ्या मुलानं, मला फोनवर व्हिडिओ कापायला शिकवलं. माझ्या वयाच्या माणसाला फोनमधलं एखादं काम जमलं, की तो ते गरज नसताना करतो. लासेचं नाव टाकून शोधलं तर त्याची एक जुनी लढत सापडली. हातमोजे उडतात, लासेचा ठोसा बसतो, समोरचा धिप्पाड माणूस गळतो आणि लासे त्याची कॉलर पकडतो. मी तिथेच कात्री लावली, आणि 'आपल्या मुलांचे गुरुजी! पाहा आणि ठरवा,' असं लिहून मंडळींच्या ग्रुपवर टाकला. मला गंमत वाटली होती. लोकांनी खरोखर ठरवलं.

पुढच्या शनिवारी एकही मूल आलं नाही. आमच्या सुनेनं सईलाही पाठवलं नाही. लासे मात्र रोज सकाळी कामावर जाण्याआधी नळी घेऊन बर्फ आरशासारखा करायचा. संध्याकाळी मी खिडकीतून बघायचो, त्यावर एक ओरखडा नसायचा.

"तुम्ही जाऊन बोला त्यांच्याशी," सुनंदा म्हणायची.

"बोलतो गं," मी म्हणायचो, आणि पडदा लावायचो.

फेब्रुवारीत एका दुपारी आमची बेल वाजली. दारात लासेहून रुंद एक माणूस, हातात ॲपल पायचा डबा. "लासे आहे? मी डग. कॅनडाहून आलोय." घर चुकला होता. पण मी त्याला ओळखलं, हाच तो व्हिडिओतला मार खाणारा.

"तुम्हाला... तुम्हाला लासेनं मारलं होतं!"

"पुष्कळदा!" डग आनंदानं म्हणाला. "त्याचे पुढचे दात कुणी पाडले, विचारा ना! हे काय, उभा आहे समोर!"

लासे कामावरून यायचा होता, म्हणून सुनंदानं डगला आत बसवून चहा दिला. मी चाचरत व्हिडिओचा विषय काढला.

"ती लढत?" तो म्हणाला. "शेवटपर्यंत बघितलीत ना? मी उभ्या उभ्या बेशुद्ध झालो होतो. तसाच कोसळलो असतो तर डोकं बर्फावर फुटलं असतं, आणि हा चहा दुसरं कोणीतरी पीत असतं. यानं माझी कॉलर धरली आणि मला हळूच खाली ठेवलं. माझं वजन बघताय ना? त्याचं मनगट मोडलं. नंतर काठी कधी नीट धरताच आली नाही. वरच्या संघाचं बोलावणं पुन्हा आलं नाही."

सुनंदानं माझा फोन उचलून माझ्या हातात दिला.

मूळ व्हिडिओ माझ्या फोनमध्ये तसाच होता. पुढचा भाग मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. लासे गुडघ्यांवर बसलाय, एक हात डगच्या मानेखाली, दुसरा वेडावाकडा लोंबतोय, आणि तो डगच्या कानाशी काहीतरी बोलतोय. सबंध व्हिडिओ मी ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'आधीचा मी कापला होता. चूक माझी.' त्या शनिवारी सई सगळ्यांत आधी उतरली. हळूहळू बाकीची मुलं आली. दोन घरांतली अजून येत नाहीत; हे त्यांच्यासाठीही लिहितो आहे.

मुलं खेळत असताना मी लासेच्या स्वयंपाकघरात गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "सईनं कुंपणावरून सांगितलं होतं."

"मग बोलला का नाहीस, भाऊ?"

"काय बोलणार, काका? ठोसा खराच होता." मग म्हणाला, "माझी आई माझे सामने टीव्हीवर बघायची. पण हातमोजे खाली पडले की टीव्ही बंद. पुढचं तिनं कधीच बघितलं नाही. पंच्याऐंशीच्या पुढे आहे आता. अजून फोनवर विचारते, तू मारलेल्या मुलांच्या आयांना काय वाटलं असेल रे?"

त्यानं तोच व्हिडिओ उघडून स्वतःचा फोन माझ्यापुढे सरकवला.

"तुम्हाला व्हिडिओ कापता येतो ना? आधीचं सगळं काढा. मी त्याला खाली ठेवतो तेवढंच राहू दे."

माझं बोट दोनदा चुकलं. पण कापला. त्यानं तो आईला पाठवला आणि आम्ही दोघे टेबलाशी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं उत्तर आलं. त्यानं वाचलं आणि फोन माझ्याकडे वळवला. मग मला त्याची भाषा येत नाही हे त्याच्या लक्षात आलं.

"विचारते आहे, त्याच्या कानात काय म्हणालास?"

"काय म्हणाला होतास?" मीही विचारलं.

"डग, पडून राहा. मी इथेच आहे."

मग त्यानं जाड बोटांनी, एकेक अक्षर शोधत, तेच आईला लिहिलं.