भगवानअप्पांचा तळहात

वाटूर फाट्यावर भगवानअप्पांचं गॅरेज आहे. तिथे गाडी नेली की अप्पा आधी मागे जातात, सायलेन्सरपुढे तळहात धरून डोळे मिटतात आणि "बराबर हाय" किंवा "बिलकुल बराबर न्हाई" असा निकाल देऊन मगच मालकाला रामराम घालतात. मी त्यांचा शेजारी, शाळामास्तर. इतक्या वर्षांत माझ्या आधी माझ्या स्कूटरची खुशाली विचारायला ते एकदाही चुकलेले नाहीत.

दुसरं वेड शर्यतीच्या गाड्यांचं. स्वतः कधी शर्यतीत उतरले नाहीत, पण टर्बो की सुपरचार्जर यावर ते लग्नाच्या पंगतीतही तावातावाने बोलतात. एकदा वाढप्याचा हात धरून त्यांनी नवरदेवाच्या मामाला समजावलं, "दोघंबी इंजनात जादा हवा कोंबतात, मामा. टर्बो फिरतो धुरावर. फुकटात काम, पण धुराला जोर येईस्तोवर थांबा. सुपरचार्जर फिरतो पट्ट्यावर. इंजनाचीच ताकद खातो, पण पाय दाबला की हजर." मामा अडलेल्या वरणाकडे बघत मान डोलवत होते.

मग त्यांच्या एकुलत्या एक लेकीनं, उज्ज्वलानं, बदनापूरजवळच्या माळावरच्या शर्यतीत नाव दिलं. बाकी सगळ्यांच्या गाड्यांना टर्बो. तिलाही तोच हवा होता.

"लांब सरळ पल्ला असता तं टर्बोच बसवला असता," अप्पा म्हणाले. "दिवसभर पळायचं, तेल वाचवायचं असतं, तरीबी टर्बोच. पण हितं दर वळणाला पाय काढावा लागतो. टर्बो जागा होईस्तोवर तुझं दुसरं वळण येतं."

"अन् हरले तं?"

"मंग गॅरेजची पाटी काढतो."

हे ते हॉटेलात चारचौघांत बोलले, त्यामुळे माघारीची वाट बंद झाली. जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात परदेशी भंगार वितळायला येतं. त्या ढिगात आठ दिवस उकरून त्यांनी एक सुपरचार्जर शोधला आणि तिच्या जुन्या लाल गाडीला बसवला. फाट्यावरचे लोक पाटी उतरवायला शिडी कुणाची, यावर चर्चा करू लागले.

शर्यतीत प्रत्येक गाडी एकटी पळायची, घड्याळाशी. टर्बोवाले सरळ पल्ल्यात सुसाट जायचे आणि वळण संपलं की पेंगायचे. उज्ज्वलाची गाडी मात्र वळणातून बाहेर पडतानाच उसळायची. ती दोन सेकंदांनी पहिली आली. मी मास्तर आहे हे विसरून टोपी उडवली, ती अजून सापडलेली नाही. शिडीवाले सगळ्यात मोठ्यानं ओरडत होते.

अप्पा मात्र गाडीच्या मागे, सायलेन्सरपुढे हात धरून. मला खरोखर राग आला. "अप्पा, पोरगी जिंकली. तिच्याकडं बघा की."

ते पुढे आले. उज्ज्वलानं हेल्मेट काढलं, चेहरा धुळीनं माखलेला. अप्पांनी तोच तळहात तिच्या नाकापुढे धरला आणि डोळे मिटले.

उज्ज्वला हळूच म्हणाली, "मास्तर, मी सातव्या महिन्यात झाल्ते. डॉक्टरनं आशा सोडल्ती. तवा अप्पा असाच नाकापुढं हात धरून बसायचे. तवापासून करून राह्यले. सायलेन्सर नंतर आला."

माझा राग कुठल्या कुठे गेला. माळावर हलगी वाजू लागली, लोक हार घेऊन ताटकळले होते. "बराबर हाय" म्हणायला अप्पांना या वेळी बराच वेळ लागला.