राणोजीची पिलावळ

आमच्या शेजारच्या नानांना बारशाचा पेढा दिला, की तोंडात टाकायच्या आधी ते विचारतात, "पूर्ण नाव? जन्मतारीख? आईचं माहेर?" बाळ कुणाचंही असो. उत्तर मिळालं की मग पेढा.

नाना पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाले, तेव्हा पुतण्यानं त्यांना जुना लॅपटॉप दिला आणि त्यात वंशावळीचं सॉफ्टवेअर टाकून दिलं. पिशोरचा राणोजी हा नानांचा सात पिढ्यांमागचा पूर्वज. त्याची आजपर्यंतची सगळी पिलावळ चौकटींत बसवायची आणि गावी भावकीच्या जेवणाला तिचा भिंतभर फ्लेक्स लावायचा, असं नानांनी ठरवलं. "एकबी माणूस सुटायला नको," हे त्यांचं पालुपद. जुन्या कागदांत लेकींची नावंच नव्हती, त्यांच्यासाठी नाना गावोगाव फोन लावत.

लग्नात ते वही घेऊन स्टेजवर चढायचे. नवरीला तिच्या आजीचं माहेर विचारायचे. मागं आहेराची रांग मांडवाबाहेर जायची.

नानांना जुने कागद वाचून दाखवायचं काम माझं. माझं शिक्षण चौथीपर्यंत, पण नावं वाचायला तेवढं पुरतं. शिवाय मी वाद घालत नाही. तो नानी घालायच्या. "जित्या बायकोशी बोलायला येळ नाय, आन् मेलेल्यांची हजेरी चाललीय."

एकदा सॉफ्टवेअरनं नानांच्या चुलतभावाला, बाळासाहेबांना, दोन बायका दाखवल्या. संगीता आणि वैष्णवी. नानांनी लगेच फोन लावला, तोही स्पीकरवर. "बाळ्या, दुसरी कधी केली रं?"

पलीकडून बाईचा आवाज आला. "मीच संगीता आन् मीच वैष्णवी. लग्नात नाव बदललं. तुम्ही तर अक्षता टाकायला व्हते, भाऊजी."

नानांनी दोन चौकटींची एक केली. पण "माणूस कमी झालं की," म्हणून दिवसभर हळहळले.

जेवणाचा दिवस जवळ आला. शहरातल्या गुलमंडीवरच्या फ्लेक्सवाल्याचे दोन फोन येऊन गेले, तरी नाना फाईल देईनात. "एक राहिलंय," एवढंच म्हणायचे.

कोण, असं मी विचारलं. नानांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला. त्यांच्या आणि नानींच्या चौकटीखाली आणखी एक चौकट होती. कन्या. जन्मतारीख भरलेली. मृत्यूची तारीख त्यानंतर नऊ दिवसांची. नावाची जागा रिकामी, आणि नावाशिवाय चौकट जतन होत नव्हती.

नाना-नानींना मूलबाळ नाही, एवढंच मला ठाऊक होतं.

"बारसंच झालं नाय," नाना म्हणाले.

काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हटलं, "ज्या आज्यांची नावं कुणालाच आठवत नाहीत, तिथं तुम्ही 'अज्ञात' लिहिता ना?"

"अज्ञात कशी व्हईल? नऊ दिवस माझ्या मांडीवर व्हती."

स्वयंपाकघरात भाकरी थापायचा आवाज थांबला. नानी दारात आल्या.

"सुमन," त्या म्हणाल्या.

नानांनी मान वर केली. "हे कधी ठरवलं?"

"सातव्या महिन्यात. तुम्ही कधी इचारलं?"

नानांनी एकेक अक्षर शोधून नाव लिहिलं. मग सवयीनं बोलून गेले, "या नावाच्या भावकीत तिघी हायेत."

"असू द्या. ही आपली."

नानांनी जतन करायचं बटण दाबलं नाही. लॅपटॉप नानींकडं सरकवला. नानींनी पिठाची बोटं पदराला पुसली आणि हळूच दाबलं.