मेश्रामकाकांची चुन्याची बैठक

एखाद्या माणसाविषयी लिहायचं तर त्याच्या घरी आपण निदान चार वेळा तरी ऐसपैस बसलेलं असावं. मी मेश्रामकाकांच्या बैठकीत एकदाही बसलेलो नाही. शिवाय आमच्या घरात लेखणी धरणारा मी पहिलाच, त्यामुळे काय लिहावं आणि काय पोटात ठेवावं याची नीट समज नाही. तरी लिहितो आहे, त्याबद्दल वाचकांनी माफ करावं.

बैठकीत बसलो नाही याला तशी एक सबब आहे. बैठक नव्हतीच.

मेश्रामकाका बालाघाटला बांधकाम खात्याच्या कचेरीत ट्रेसर होते. दिवसभर साहेबलोकांच्या बंगल्यांचे नकाशे गिरवायचे. संध्याकाळी आमच्या वॉर्डातल्या आपल्या दीड खोलीत यायचे, शर्ट खुंटीला टांगायचे आणि घरासमोरच्या रिकाम्या जागेत चुन्याची फक्की टाकून स्वतःची बैठक आखायचे. दार, दोन खिडक्या, कोपऱ्यात पाण्याच्या माठाची जागा. पावसाळ्यात सगळं पुसून जायचं. दिवाळी झाली की नवी आखणी. काकू वारून बरीच वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. सगळी माया त्या चुन्यावर.

बैठकीचे नियम कडक होते. दारातूनच आत यायचं, चप्पल उंबऱ्याबाहेर. एकदा कुणाची बकरी सरळ रेघ ओलांडून आत आली तर काका ओरडले, "अरे, भिंतीतून आली ना बे!" कचेरीतले एक हिंदी बोलणारे साहेब काही कामानं आले आणि आदबीनं म्हणाले, "मेश्रामजी, अंदर कहाँ से आएँ?" काकांनी त्यांना चार पावलं मागं फिरवलं, दारातून आणलं आणि म्हणाले, "बैठिए ना, साहब! खड़े काहे?"

हे त्यांचं पालुपद. मराठी माणसाला "बसा ना! उभे काहून?", हिंदी माणसाला "खड़े काहे?" एकदा त्यांनी मला त्यामागची गोष्ट सांगितली. "माहा बाप गावच्या मालगुजाराकडं निरोप घेऊन जाय. उभ्यानं सांगे, उभ्यानंच वापस येय. जिंदगीत त्याले कोनी बस म्हनलं नाही. माह्या घरी कोनी उभं राहाचं नाही, बाप्पा."

खुर्च्यांच्या जागी विटा होत्या. प्रत्येक विटेवर कोळशानं नाव. माझा बाप धानाच्या गिरणीत पोती उचलायचा. त्याला वाचता येत नव्हतं, पण कोपरा फुटलेली वीट आपली हे त्याला पक्कं ठाऊक होतं. घरी दोन शब्द न बोलणारा माणूस त्या विटेवर बसून खदखदून हसायचा. आणि शिंप्याच्या वामनची वीट होती थेट खिडकीपाशी! वैनगंगेकडची हवा पहिल्यांदा वामनला लागणार. हा वामन माझ्याच वर्गात, दोनदा नापास.

माझ्या नावाची वीट नव्हती.

मी रोज मोजून पाहायचो. नव्या विटा यायच्या, नवी नावं यायची. पोस्टमनला वीट मिळाली. मी चुन्याची दोरी धरायचो, टेप धरायचो, आणि तरी नाही. विचारायची हिंमत होत नव्हती. दारातून आत शिरायला गेलो की काका म्हणायचे, "तू काहून समोरून येऊन राह्यला? मांगून ये." मागून म्हणजे गल्लीतून, त्यांच्या स्वयंपाकाच्या अर्ध्या खोलीतून. तिथं त्यांच्या खाटेवर बसून मी अभ्यास करायचो आणि चुलीवरचं दूध पाहायचो. काका मध्येच येऊन त्यांच्याच कपातला अर्धा चहा बशीत ओतून मला द्यायचे आणि पुन्हा बाहेर पाहुण्यांत जायचे. बाहेर हशा, आत मी आणि दूध. मला वाटायचं, यांनी मला गडी समजून ठेवलंय.

आता कबूल करतो. एका दुपारी मी वामनची वीट खिडकीपासून उचलली आणि नेमकी चुन्याच्या रेघेवर ठेवली. संध्याकाळी काकांनी वाकून तिच्याकडं पाहिलं. मग म्हणाले, "वामन भिंतीत काहून बसला?" सगळे हसले. वामन सर्वांत जास्त हसला. वीट परत खिडकीशी गेली. मला मात्र त्या दिवशी बशीतला चहा गोड लागला नाही.

पुढं मी कॉलेजसाठी नागपूरला आलो. निघताना काका म्हणाले, "चिठ्ठी टाकत जा, पोट्ट्या." मी "हौ" म्हटलं आणि टाकली नाही. ज्यांच्या विटा होत्या त्यांनी टाकाव्यात, असं माझ्या मनात होतं. दुसऱ्या वर्षी खोली बदलली, नवा पत्ता घरीसुद्धा कळवला नाही. कळवला असता तर वामननंच तो बापाला वाचून दाखवला असता, तेही नको वाटलं.

गेल्या आठवड्यात आमच्या बालाघाटकडच्या लामता गावचा एक ओळखीचा माणूस मला शोधत कॉलेजात आला. त्याच्याजवळ वामनचं पाकीट होतं. आत एक पोस्टकार्डही होतं, माझ्या जुन्या पत्त्यावरून परत गेलेलं. काकांचं नकाशातलं वळणदार अक्षर: बैठक बांधून झाली, येत्या पुनवेला ये. ती पौर्णिमा होऊन महिना उलटला होता.

वामननं लिहिलं होतं:

"खऱ्या भिंती, वर टिनाचं छप्पर. विटा गेल्या, खुर्च्या आल्या. तुझ्या बापानं खुर्ची आधी हलवून पाहिली, मग बसला. मी खिडकीपाशी. हवा खरंच येते, पण माशाही येतात. सगळे बसले, फक्त काका बसेनात. खीर निवून गेली तरी मागच्या दारात गल्लीकडं पाहत उभे. शेवटी मीच म्हटलं, काका, बसा ना! उभे काहून? तर म्हणे, तुम्ही पाहुने, तुम्ही खाऊन घ्या. माह्या घरचा पोट्टा अजून यायचा आहे. तो समोरून येत नाही."