मापं तोंडपाठ असलेले सिद्धाप्पा

आमच्या रेणापुरात सिद्धाप्पा टेलर माणसाला नावानं कमी आणि मापानं जास्त ओळखतात. मी त्यांच्या समोरच राहतो, शाळेत शिकवतो, पण सकाळी हाक येते ती, "काय छाती अडतीस, निघालाव का शाळंला?" अशीच.

मापाची वही त्यांनी कधी ठेवली नाही. "ज्याचं डोकं भाड्याचं, त्यानं वही ठेवावी," असं म्हणायचे. एका लग्नात नवरदेव मांडवात शिरताना ते माझ्या कानाशी पुटपुटले, "साखरपुड्यापासून कंबर दीड इंच वाढली." थोड्या वेळानं नवरदेव खाली बसला आणि विजारीची शिवण उसवली.

पन्नाशी ओलांडल्यावर त्यांना मधुमेह निघाला. गोळ्या त्यांनी देवळीत ठेवून दिल्या. "साखर डब्यात असती सर, माणसात कशी असंल?" असं म्हणत चहात दोन चमचे घालून घ्यायचे. अशी चार वर्षं गेली.

मग माझा एक शर्ट आला, बाह्या पार बोटांपर्यंत. "कापड सैल पडलं," अप्पा म्हणाले. आम्ही हसलो. पण एका दुपारी माझ्या गळ्याभोवती टेप धरून ते तसेच उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "सर, आपण काय मोजायलाव?"

दुसऱ्या दिवशी मी त्यांना लातूरला डॉक्टरांकडं घेऊन गेलो. डॉक्टरांनी तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, आंबा, खुर्ची, नदी. आणि मधल्या वेळात घड्याळ काढायला लावलं. अप्पांनी सुरेख गोल काढला अन् विचारलं, "ह्याला कॉलर लावू का?" डॉक्टर हसले. मग त्यांनी ते तीन शब्द विचारले.

"आंबा हाय ध्यानात," अप्पा म्हणाले. "बाकीचे दोघं कुठं गेले काय की."

इतकी वर्षं साखर मोकाट सोडली की या वयातही लक्ष आणि आठवण मंदावते, डॉक्टर म्हणाले. गोळ्या घ्या, रोज चाला, सहा महिन्यांनी पुन्हा बघू. येताना बसमध्ये अप्पा बोटांवर काहीतरी मोजत होते. रेणापूरला उतरल्यावर म्हणाले, "खुर्ची. नदी अजून आली न्हाई."

त्याच संध्याकाळी त्यांनी बायकोला, महादेवी वहिनींना, दुकानात बोलावलं. सव्वीस वर्षं त्या पडद्यामागं स्वयंपाकघरात होत्या. कात्रीला हात लावायची मुभा नव्हती.

"बस हितं. मापं लिहून घे, कापायला शिक. उद्या मला न्हाई आठवलं तर दुकान थांबू नये."

वहिनींनी पहिल्याच शर्टाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. मला वाटलं, आता अप्पा भडकणार. ते बाह्या उलटसुलट करून बघत म्हणाले, "दोन डाव्या हाताचं गिऱ्हाईक हुडकावं लागंल." वहिनी तोंडाला पदर लावून हसल्या. इतक्या वर्षांत त्यांचं हसणं मी रस्त्यापलीकडून पहिल्यांदाच ऐकलं.

अप्पा बिनसाखरेचा चहा प्यायला लागले, पहाटे चालायला लागले. सहा महिन्यांनी आम्ही पुन्हा लातूरला गेलो. डॉक्टरांनी नवे तीन शब्द दिले. अप्पांनी तिन्ही परत केले, वर जुनेही तीन सांगितले. साखर आटोक्यात होती. "असंच चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

परतताना मी म्हणालो, "चला, आता वहिनींची सुटका."

अप्पा दुकानापासून थोड्या अंतरावर थांबले. आत वहिनी कापडावर खडूनं रेघ मारत होत्या.

"सर, डोकं बरं झालंय हे तिला सांगू नका."

"का हो?"

"ती आत गेली की दिवसभर निस्ता मशीनचाच आवाज."

आम्ही दाराशी पोचताच वहिनींनी मान वर केली. "काय म्हणले डॉक्टर?"

अप्पा चप्पल काढायच्या निमित्तानं वाकले आणि वाकलेलेच राहिले.

"साखर उतरली, वहिनी," मी म्हणालो. "पण कुणीतरी जवळ असलेलं बरं."

"मी हाय की," वहिनी म्हणाल्या, आणि बाकावर सरकून त्यांनी अप्पांसाठी जागा केली.